आत्या कुठे अडकली

३ फेब्रुवारी

प्रिय भोंग्या,

पाकिटावर माझं अक्षर बघून छातीत धस्स झालं असेल, तर आधी घोटभर पाणी पी. कुणाला काही झालेलं नाही. मी खुटखुटीत आहे, दुकान वेळेवर उघडतंय, छत गळायचं तेवढंच गळतंय. फक्त घसा बसलाय. डॉक्टरांनी बोलणं बंद ठेवायला सांगितलंय, म्हणून तुझा फोन वाजत राहतो आणि मी त्याच्याकडे बघत राहते. बोलायचंच नाही तर उचलून काय करू, हुंकार देऊ?

एवढ्या मोठ्या माणसाला भोंग्या म्हणू नये हे कळतं मला. पण पाळण्यात होतास तेव्हा तुझ्या रडण्यानं अख्खा जिना जागा व्हायचा. नाव पडलं ते पडलं. तुझी सही कितीही ऐटदार झाली तरी आत्याच्या लेखी तू भोंग्याच.

एक गंमत सांगते. मी बोलत नाही म्हटल्यावर गिऱ्हाइकं माझ्याशी ओरडून बोलायला लागलीत. परवा एकजण पंखा घेऊन आला आणि कानाशी येऊन बोंबलला, "मोटर जळलीय!" मी पुठ्ठ्यावर लिहून दाखवलं, कान शाबूत आहेत. तर तो बिचारा ओशाळून कुजबुजायला लागला. शेवटी दोघांनी खुणांवरच भागवलं.

काल वरची खोली झाडली. भिंतीवर तुमच्या पिवळ्या चिठ्ठ्यांचे चौकोन अजून दिसतात. तेवढीच भिंत उजळ राहिलीय. झाडू हातात धरून तिथेच टेकले. तुम्ही तिघं आलात तेव्हा माझ्या जुन्या मोटरा जिन्याखाली गेल्या आणि वर तुमचे पडदे, तारा, एका पायाला वीट लावलेलं टेबल. तू, ती चित्रवाली पोरगी, आणि तो मौनीबाबा, जो आठवड्यातून एकदा "हं" म्हणायचा आणि बाकीचा वेळ संगणकात डोकं घालून असायचा. तुम्हाला खेळ बनवायचा होता. मला वाटलं, शिकलेली मुलं आहेत, चार दिवसांत खूळ उतरेल.

मग एकदा तू खाली आलास. म्हणालास, "आत्या, वर चल. आमचा खेळ खेळून बघ."

"मला काय कळतंय त्यातलं?"

"काही कळत नाही म्हणूनच चल. आणि खेळताना मनात येईल ते तोंडानं बोलत राहा. शिव्यांसकट."

तुम्ही तिघं माझ्या मागे बसायचात, तोंडाला कुलूप लावून. कुणी मदत करायची नाही हा तुमचा नियम. मी आपली भांडतेय पडद्याशी, "अरे मेल्या, दार कुठे ठेवलंस? आता या बाईला कुठल्या मजल्यावर सोडू?" ते सगळं तुम्ही ध्वनिमुद्रित करायचात, पुन्हा ऐकायला. मी जिथे गोंधळले तिथे चित्रवाली चिठ्ठीवर लिहायची, "आत्या अडकली", आणि भिंतीवर चिकटवायची. ती चिठ्ठी उतरल्याशिवाय पुढचं पाऊल टाकायचं नाही. मौनीबाबा बसून ती जागा सोपी करायचा. मला फार आवडायचं ते. माझं न येणं कुणाच्या कामी येईल असं कधी वाटलं नव्हतं.

आणि खेळ तरी किती साधा! एका उंच इमारतीची जुनी लिफ्ट, आणि आपण तिचे चालक. माणसं आत येतात, दोन मजल्यांच्या अवधीत मनातलं काहीतरी बोलून जातात, उतरतात. शेवटी सगळ्यांना पोचवून आपण लिफ्ट खाली आणायची, जाळीचं दार ओढायचं आणि रस्त्यावर चालायला लागायचं. बस, संपलं. तू म्हणायचास, लोकांना अजून हवं असतं, शेवट उघडा ठेवू. मौनीबाबा मान हलवायचा, नाही.

पुढे तुमचं नाव कुठच्या कुठे गेलं. बक्षीस घेताना तू मंचावर म्हणालास, "आमची आत्या अडकली नाही, म्हणून आम्ही इथवर आलो." लोक हसले, टाळ्या वाजल्या. मी ते समोरच्या सिस्टरच्या फोनवर बघितलं. सिस्टरनं एवढी वर्षं इस्पितळात काढली, पण डोळे माझ्याआधी तिचे भरले.

असो. लांबलं पत्र. तुला एक विचारायचं होतं, पण ते नंतर.

तुझी,
आत्या


११ फेब्रुवारी

प्रिय भोंग्या,

औषधांचं पार्सल मिळालं. एवढ्या गोळ्या, बाटल्या, वाफ घ्यायचं यंत्र! घशाचं दुकानच पाठवलंस. आत तुझी चिठ्ठी होती, "बरं वाटलं की चार शब्द बोलून पाठव, तुझा आवाज ऐकून किती दिवस झाले."

ती वाचली आणि ठरवलं, आता लपवायचं नाही. घसा बसलेला नाही. डॉक्टरकडे मी गेलेच नाही. हे सगळं यंत्रबिंत्र परत पाठवते आहे.

तुला माहीतच आहे, सिस्टर रोज संध्याकाळी चहाला माझ्याकडे यायची. मी दुकानाचं दार ओढून घ्यायचे, ती चप्पल बाहेर काढायची, मग तासभर आमच्या कुचाळक्या. महिन्यापूर्वी यायची थांबली. आधी म्हणाली, गुडघा. मग म्हणाली, जरा काम असतं गं. मी म्हटलं, निवृत्त बाईला संध्याकाळी कसलं काम? हसली नुसती.

शेवटी एके दिवशी मीच ताटली झाकून घेऊन गेले. दार लोटलेलं होतं. हात लावणार तोच आतून आवाज आला, "आलीस का गं? कधीची वाट बघतेय. बस, आधी पाणी पी."

भोंग्या, तो आवाज माझा होता.

क्षणभर वाटलं, मी मेले की काय, आणि भूत माझ्याआधी पोचलं. आत गेले तर सिस्टर एकटीच. फोन औषधांच्या डब्याला टेकवून ठेवलेला. त्यात एक दुकान, छताला पंखे टांगलेले, टेबलामागे एक म्हातारी, नाकावर चष्मा, चष्म्याची एक दांडी दोऱ्यानं बांधलेली. चित्र गुळगुळीत होतं, चित्रवालीच्या हातचं नव्हतं. पण दोरा माझाच होता.

"ही मी आहे," मी म्हटलं.

"तूच की! म्हणून तर खेळायला लागले. भाच्यानं सांगितलं नाही तुला? मला वाटलं, तू स्वतः बसून बोललीस."

"आणि इथे तू करतेस काय?"

"तिच्याकडचे पंखे दुरुस्त करायचे. सकाळी एकदा, दुपारी एकदा, संध्याकाळी. नाही गेलं की ती जेवत नाही गं. ताट झाकून बसून राहते."

"सिस्टर, मीही ताटलीच घेऊन उभी आहे."

"ठेव ना तिथे. एवढी मोटर होऊ दे." आणि मान वर न करता म्हणाली, "तुला राग येईल, पण ही तुझ्यासारखी वसकन अंगावर येत नाही."

मी ताटली ठेवली. तिथेच, तिच्या पलंगाच्या कडेला बसून ऐकत राहिले. "आलीस का गं" हे मी चित्रवालीला म्हणायचे, ती धापा टाकत जिना चढून यायची तेव्हा. तुमचं ध्वनिमुद्रण चालू राहिलेलं असणार. तुझा खेळ तर खेळणाऱ्याला आधीच विचारतो म्हणे, रे म्हणू की गं. व्यवस्था चोख आहे. तेवढं सुद्धा मी गिळलं असतं. भाचा आहे, आत्याचा आवाज घेतला, विचारायचं राहिलं, कान पिरगाळला असता आणि सोडून दिलं असतं.

पण मधे सिस्टर लेकीकडे दोन दिवस राहून आली. परतल्यावर तिनं खेळ उघडला, मी शेजारीच होते. म्हातारी काही बोलेना. नुसती बघत राहिली. आणि मग म्हणाली, "मी आहे ना."

त्या "ना"वर आवाज चिरलाय.

हे वाक्य मी खेळताना कधीच बोललेले नाही. आयुष्यात एकदाच बोलले, तुझ्याशी, फोनवर. दादा गेला त्या सकाळी. इस्पितळाच्या व्हरांड्यात मी उभी, त्याचे डोळे याच हातानं मिटून बाहेर आलेली, आणि तिकडून तुझ्या तोंडून शब्द फुटेना. तेव्हा म्हटलं होतं. तुझा बाप गेला होता, माझा भाऊ गेला होता. ते वाक्य तुझ्यासाठी होतं, बाळा. दुसऱ्या कुणासाठी नव्हतं.

म्हणजे फोनसुद्धा. म्हणजे आपण बोलायचो ते सगळं तुझ्याकडे साठत होतं.

आता कळलं ना, मी का उचलत नाही?

आत्या


२० फेब्रुवारी

भोंग्या,

तुझा निरोप सिस्टरच्या फोनवर आला, तिनं वाचून दाखवला. भरभरून लिहिलंयस. फोन आपोआप ध्वनिमुद्रण करून ठेवतो, कामाच्या बोलण्यासाठी तशी सोय लावली होती, मुद्दाम काही केलं नाही. हे मान्य. साठलं ते आपोआप. पण त्या ढिगातून ते एक वाक्य काही आपोआप चालत येऊन त्या म्हातारीच्या तोंडात बसलं नसेल. कुणीतरी ते ऐकलं असेल. पुन्हा ऐकलं असेल. पुढचं मागचं कापलं असेल. कापताना, त्याच्या आधीचं तुझं हुंदके देणंही ऐकावं लागलं असेल. तू होतास ना तो? की पगारी माणसाला बसवलंस?

"प्रेमातूनच केलं आत्या," असं लिहिलंयस. असेल. पण प्रेमातून केलं असतंस तर दाखवायला आणलं असतंस. शाळेत भोपळा मिळाला तरी धावत येऊन दाखवणारा मुलगा तू.

परवा दुकानात चित्रवाली आली होती. हातात टेबलपंखा. उघडला तर आत काही बिघाड नाही.

"नुसतं यायचं तर यावं की," मी म्हटलं. तिच्याशी मी बोलले. तुझ्याखेरीज सगळ्यांशी बोलते आता. "पंख्याला कशाला आजारी पाडतेस?"

"आत्या, रिकाम्या हातानं यायची लाज वाटत होती."

मग बसली आणि बोलत राहिली. तुम्ही इथून गेलात त्यानंतरचं मला एवढंच माहीत होतं, जेवढं तू फोनवर सांगायचास. काचेच्या भिंतींची कचेरी, नवी नवी माणसं, मोठा खेळ चाललाय, अख्खं शहर उभं करतोय. एकदा मला दाखवायलाही नेलंस. काच आहे की दार हे न कळून मी कपाळ आपटून घेतलं, तेव्हा तुम्ही सगळे हसलात, पण चिठ्ठी कुणी लावली नाही. मला तेव्हाच काहीतरी चुकल्यासारखं वाटलं होतं. ती म्हणाली, ते शहर फुगतच गेलं. एक रस्ता झाला की तू दुसरा मागायचास. मौनीबाबा म्हणायचा, याला शेवट कुठे आहे? शेवट कुणाला सापडला नाही, त्याआधी पैसा आटला. मग एका मोठ्या कंपनीनं तुम्हाला विकत घेतलं आणि त्यांची माणसं येऊन विचारू लागली, तुमच्याकडे चालेल असं आहे काय?

तेव्हा तू माझी जुनी ध्वनिमुद्रणं बाहेर काढलीस.

"मला आधी वाटलं, परत जुनी पद्धत सुरू करतोय," चित्रवाली म्हणाली. "मी खूश झाले. पिवळ्या चिठ्ठ्यासुद्धा आणल्या. आत्या कुठे अडकली त्या जागा भिंतीवर लावल्या. आणि तो म्हणाला, आता या सोप्या करायच्या नाहीत. या जागा तशाच ठेवायच्या. माणूस जिथे अडकतो तिथेच थांबतो."

मी हातातला पेचकस खाली ठेवला.

"तुम्ही लिफ्टमधल्या एका म्हाताऱ्या माणसाला पुन्हा पुन्हा भेटायला जायचात, आठवतं? तो काही बोलायचा नाही, नुसता उभा असायचा. तुम्ही म्हणायचात, एकटाय बिचारा, सोडून कसं जाऊ. ते ऐकून तुमचा भाचा म्हणाला, हे. हे हवंय आपल्याला. कुणीतरी एकटं, जे आपली वाट बघतंय."

मौनीबाबा त्या दिवशी बोलला म्हणे. उभा राहिला आणि म्हणाला, "खेळ संपला पाहिजे. माणसाला घरी जाता आलं पाहिजे." तू म्हणालास, भावुक होऊ नकोस. तो स्वतःचा कपसुद्धा न घेता निघून गेला. पाठोपाठ ही.

मला हे कुणीच सांगितलं नाही. तू म्हणालास, त्यांना दुसरीकडे चांगली नोकरी लागली. मी तर अभिनंदनाचा निरोप दिला होता तुझ्याकडे. पोचवला होतास का रे?

आत्या


२ मार्च

भोंग्या,

तुमच्या कंपनीचा कागद आला. उलटटपाली पाकीट, त्यावर पत्ता छापलेला, तिकीट चिकटवलेलं. नुसती सही करायची बाकी. आवाज, चेहरा, चष्मा, सगळ्याला माझी राजीखुशी, आणि पुढच्या भागासाठी आणखी ध्वनिमुद्रण.

दुकानाच्या फोनवर त्यांचा एक माणूसही आला होता. मी उचलला आणि गप्प राहिले. तो बिचारा हॅलो हॅलो करत राहिला, कधी गोड, कधी काकुळतीला येऊन. शेवटी म्हणाला, "मॅडम, आहात ना?" मी ठेवून दिला. माझे शब्द फुकट त्यांच्या ध्वनिमुद्रणात जायला नकोत.

तू मात्र खरं सांगितलंस याबद्दल तुला मानते. तू लिहिलंस, त्यांच्या वकिलांच्या आत्ता लक्षात आलं की आत्याची संमतीच नाही. सही नाही तर म्हातारीला काढावं लागेल, म्हातारी गेली की खेळ गेला, खेळ गेला की तुझी कचेरी बंद. "आत्या, माझं सगळं तुझ्या हातात आहे."

कळतंय मला. तू तिथे एकटा उरलास, आणि तो खेळ तुझ्या पायाखालची शेवटची फळी आहे. माझ्यामुळे तू बुडावंस असं मला वाटेल का?

म्हणून एकच मागते. बाकी सगळं राहू दे. पाणी पी, जेव, उशीर का झाला, सगळं वापर. फक्त दादाच्या सकाळचं ते वाक्य काढून टाक. ते काढलंस की मी सही करते. पुढच्या ध्वनिमुद्रणाचंही बघू.

उत्तर लिही. किंवा ये.

आत्या


९ मार्च

भोंग्या,

काल तू येऊन गेलास. तू बोललास, मी पुठ्ठ्याच्या चिठ्ठ्यांवर लिहीत होते, त्यामुळे तुझं सगळं सांगून झालं आणि माझं बरंच राहिलं. म्हणून हे पत्र.

वाळलास. डोळ्यांखाली काळं आलंय. दारात दिसलास तेव्हा तोंडापर्यंत आलेले शब्द मी दातांनी धरून ठेवले. असं करायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती. तू टेबलाशी बसलास, फोन पालथा घालून ठेवलास. मी लिहिलं, "तो बाहेर ठेवून ये." तू हसलास. म्हणालास, "आत्या, एवढाही विश्वास नाही?" पण उठलास, जिन्यावर ठेवून आलास. मग खुर्चीवर बसता बसता थांबलास आणि मनगटावरचं घड्याळही काढलंस, तेही बाहेर ठेवलंस.

घड्याळ मी काढायला सांगितलं नव्हतं. घड्याळ ऐकतं हे मला माहीतच नव्हतं.

तेव्हापासून तेच घोळतंय डोक्यात. आत्याची खात्री पटावी म्हणून मनापासून काढलंस? की यापूर्वी कधी, याच टेबलाशी, ते चालू होतं म्हणून तुझ्या लक्षात आलं? बघ माझी काय गत केलीस. तू सरळ वागलास तरी मला त्यात दुसरं काही दिसतं.

मग मी ती जुनी मागणी पुन्हा लिहिली. ते एक वाक्य.

तू बराच वेळ टेबलावरच्या तांब्याच्या तारेचं टोक वाकवत बसलास. म्हणालास, "दुसरं काहीही काढतो आत्या. ते नको म्हणूस."

मी लिहिलं, "का?"

"लोक खेळ सोडून जातात. कंटाळतात, विसरतात. मग कधीतरी सहज उघडून बघतात, तेव्हा ते वाक्य येतं. त्यानंतर ते जात नाहीत. आम्ही इतर किती वाक्यं घालून बघितली. तुझीच. नाही चालली. ते एकच चालतं."

तू पुढे म्हणालास, आणि हे तू हळू म्हणालास, "मलाही तेव्हा त्यानंच धरून ठेवलं होतं, आत्या. म्हणून तर मला माहीत होतं."

तुला वाटलं असेल, हे ऐकून मी विरघळेन. तू बुडत असताना जे धरायला दिलं, ते नेमकं किती घट्ट धरतं हे बघून तू त्याचा गळ केलास. आणि मला ते समजावून सांगताना तुझ्या आवाजात थोडा अभिमानही होता, भोंग्या. मी ऐकला. मी तुला जन्मापासून ऐकत आलेय.

सहीचा कागद मी तुझ्यासमोर ठेवला, कोरा. त्यावर तू हात टेकवलास. मला तुझा हात धरावासा वाटला. धरला नाही.

आत्या


३० मार्च

भोंग्या,

कागद तसाच परत पाठवला, त्यांच्याच पाकिटातून. तुला कळलं असेलच. चित्रवालीकडून समजलं, कचेरीचं सामान निघालं, काचेच्या भिंतींवर आता दुसऱ्या कुणाचं नाव लागणार. मौनीबाबा म्हणे तिथे येऊन तुला खोकी उचलू लागला. काही बोलला नसेलच. पण गेला, हे ऐकून बरं वाटलं. त्याला माझा निरोप सांग, या वेळी तरी पोचव.

तू माझ्यावर रागावला असशील. रागाव. मी तुझं नुकसान केलं हे मी कमी करून सांगणार नाही. वरची खोली रिकामी आहे, किल्ली जिथे असते तिथे आहे. तिथे राहायला ये, काम करायला ये, नुसतं झोपायला ये. तेवढं घर तुझं आहे, त्याचा आणि या भांडणाचा संबंध नाही. पण मी तुझ्याशी पूर्वीसारखी बोलेन का, ते मला सांगता येत नाही. प्रयत्न केला. परवा तुझ्या खोलीत एकटीच उभी राहून तुला म्हणायच्या गोष्टी मोठ्यानं म्हणून बघितल्या. प्रत्येक वाक्य त्या म्हातारीचं वाटत होतं. मीच माझी नक्कल करतेय असं.

सिस्टरचं तुला सांगायला हवं, कारण तिचं दुःख आपण दोघांनी मिळून केलंय.

सही करायची नाही असं ठरवलं तेव्हा आधी तिच्याकडे गेले. सगळं सांगितलं, दादाच्या सकाळचंही. तिनं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "कळतं गं मला. पण तिचं काय?"

"कुणाचं?"

"तिला माहीत तरी आहे का, की तिला काढणार आहेत?"

"सिस्टर, ती कुणी नाही. ती मीच आहे. मी ही तुझ्यासमोर बसलेय."

"तू आहेस गं. तू असतेसच." आणि डोळे पुसत म्हणाली, "पण तुला माझ्यावाचून अडत नाही. तुझी दुकानात गिऱ्हाइकं असतात, तुझा भाचा असतो. तिला माझ्याशिवाय कुणी नाही."

आयुष्यभर रोग्यांच्या उशाशी बसलेली बाई, भोंग्या. कितीजणांना तिनं शांतपणे जाऊ दिलं असेल. पण ती म्हातारी पडद्यावरून गेली त्या दुपारी ती माझ्या मांडीवर डोकं ठेवून लहान मुलीसारखी रडली. म्हातारी जाताना काही बोलली नाही म्हणे. नुसतं दुकान होतं, मग तेही नव्हतं.

त्यानंतर काही दिवस मी तिला एकटं सोडलं. काल संध्याकाळी चहा टाकला, दोन कप काढले आणि तिला बोलवायला गेले. दार आतून लावलेलं होतं. मी बाहेरूनच हाक मारली, नेहमीसारखी, "सिस्टर, आहेस का गं?"

आत भांडं पडल्याचा आवाज आला. मग तिची पावलं, गुडघ्याची पर्वा न करता धावत. मी दाराच्या जवळ सरकले. पण पावलं दाराकडे आली नाहीत. ती आतल्या खोलीत गेली, जिथे औषधांच्या डब्याला टेकवून तिचा फोन ठेवलेला असतो. तिथे थांबली. बराच वेळ तिथेच थांबली.

मी पुन्हा हाक मारली नाही. मूठ वळली आणि दार वाजवलं, ती येऊन उघडेपर्यंत.

आत्या